‘रिन्यूएबल’ म्हणजे नेमकं काय? नवीकरणीय, अक्षय, अपारंपरिक आणि नूतनीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतरावर पोट असलेल्या माणसाला लोक शब्दांचे अर्थ विचारतच असतात. पण या एका शब्दाबद्दल जितके प्रश्न आले तितके दुसऱ्या कुठल्याच शब्दाबद्दल आले नाहीत. स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात, सोलरचं दुकान टाकणारे पाटी रंगवण्याआधी विचारतात, विम्याचं पत्र हातात घेऊन शेजारच्या काकू विचारतात. दर वेळी नव्याने टंकत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत, फक्त शुद्धलेखन नीट केलं आहे. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘रिन्यूएबल’ म्हणजे काय? अगदी सोप्या मराठीत सांगा.

पुन्हा नवं होऊ शकेल असं. इंग्रजी शब्दाचे तीन तुकडे आहेत: ‘री’ म्हणजे पुन्हा, ‘न्यू’ म्हणजे नवं आणि ‘एबल’ म्हणजे होण्याजोगं. गोंधळ होतो तो या तिसऱ्या तुकड्यामुळे. ‘होऊ शकेल’ याचा अर्थ ‘होईलच’ असा नाही आणि ‘कधीच संपणार नाही’ असा तर मुळीच नाही.

ऊस करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यांना फुटवे येतात, तो खोडवा. खोडवा तुटला की निडवा. बेणं एकदाच लावलं, पीक पुन्हा पुन्हा घेतलं. पण बुडखे जमिनीलगत छाटले नाहीत, पाचट पेटवून दिलं, पाण्याची पाळी चुकवली, तर खोडवा नुसता नावाला उरतो. आणि सगळं नीट केलं तरी निडव्याच्या पुढे उतारा घसरत जातो. ऊस रिन्यूएबल आहे म्हणायचं ते या अर्थाने: त्याला वेळ आणि संधी दिली तर.

शब्दाचा वापर दोन वेगळ्या जगांत होतो. एक ऊर्जा आणि निसर्गातल्या साधनांचं (प्रश्न ६ ते १४), दुसरं परवाने, विमा, करार यांचं (प्रश्न १५ ते १८).

२. मराठीत नक्की कोणता शब्द वापरायचा? नवीकरणीय, नूतनीकरणक्षम, अक्षय, अपारंपरिक, हरित... डोकं फिरायची वेळ आली.

ऊर्जेबद्दल लिहीत असाल तर ‘नवीकरणीय’. केंद्राच्या खात्याचं नावही ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ असंच आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला तो ओळखीचा असतो.

‘नूतनीकरणक्षम’ अर्थाने जास्त काटेकोर आहे, कारण त्यातलं ‘क्षम’ थेट ‘एबल’ची जागा घेतं. पण बोलताना जिभेला वळसा पडतो. शिवाय ‘नूतनीकरण’ म्हटलं की आपल्याला आठवतं ते गावातलं नाट्यगृह, दोन वर्षं ‘नूतनीकरणासाठी बंद’ असलेलं. म्हणून मी तो शब्द कागदपत्रांसाठी राखून ठेवते: परवान्याचं नूतनीकरण, कराराचं नूतनीकरण. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘पुनर्नवीकरणीय’ही दिसतो. तो चूक नाही, पण ‘नवीकरणा’तच ‘पुन्हा’ आलेलं असताना वर आणखी ‘पुनर्’ कशाला?

‘अक्षय’साठी प्रश्न ४ आणि ‘अपारंपरिक’साठी प्रश्न ५ पाहा. ‘हरित’ हा वेगळाच प्राणी आहे, त्यासाठी प्रश्न १३. बोलताना सरळ ‘रिन्यूएबल’ म्हणायलाही माझी हरकत नाही. महावितरणचा वायरमन आणि शेतकरी दोघेही ‘सोलर’ म्हणतात, ‘सौर’ नाही, आणि दोघांचं काम अडत नाही.

३. ‘नवीकरणीय’ हा हिंदी शब्द आहे, मराठीत कशाला आणता?

हिंदीतून आपल्याकडे रुळला हे खरं, पण मुळात तो संस्कृत आहे. ‘शुद्ध’चं जसं शुद्धीकरण, ‘एकत्र’चं एकत्रीकरण, तसं ‘नव’चं नवीकरण. म्हणून ‘वी’ दीर्घ. ‘नविकरणीय’ लिहिलेल्या पाट्या मी स्वतः तीन ठिकाणी पाहिल्या आहेत, त्या चूक.

शेवटच्या ‘-नीय’ची एक गंमत आहे. वंदनीय म्हणजे वंदन करावं असा, वाचनीय म्हणजे वाचावं असं. त्या न्यायाने नवीकरणीय म्हणजे नवं करावं असं. इंग्रजी शब्द नुसती शक्यता सांगतो, आपला शब्द हलकेच कामाला लावतो. कोशकारांनी हे ठरवून केलं असेल असं नाही, पण झालं ते छान झालं.

एक चूक मात्र या शब्दाच्या जोडीने हमखास येते. ‘ऊर्जास्त्रोत’ नव्हे, ‘ऊर्जास्रोत’. स्रोतात ‘त्र’ एकदाही नाही. तो स्तोत्रातून वाट चुकून आलेला आहे.

४. ‘अक्षय ऊर्जा’ म्हटलं तर काय बिघडलं? आणि अक्षय की अक्षय्य?

सरकारनेही हा शब्द वापरला आहे. २००४ पासून २० ऑगस्ट हा दिवस ‘अक्षय ऊर्जा दिन’ म्हणून पाळतात. सूर्य आणि वारा यांच्यापुरता तो शोभतोही. सूर्य अजून सुमारे ५०० कोटी वर्षं तळपणार आहे, आपण कितीही पॅनेल लावली तरी त्याचं काही कमी होत नाही.

पण सगळ्याच नवीकरणीय गोष्टी अक्षय नसतात. जंगल नवीकरणीय आहे, अक्षय नाही. विहिरीचं पाणी, समुद्रातले मासे, शेणाचा गॅस यांचंही तसंच. ‘अक्षय’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. म्हणून पाटीवर, दिनविशेषात, भाषणात ‘अक्षय’ खुशाल लिहा, अभ्यासाच्या किंवा कायद्याच्या मजकुरात नको.

आता जोड-य. ‘अक्षय’ म्हणजे ज्याला क्षय नाही. ‘अक्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही. पाणिनीचं यासाठी स्वतंत्र सूत्र आहे: ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’. म्हणजे ‘शक्य’ हा अर्थ असेल तर क्षय्य आणि जय्य ही रूपं होतात. जिंकता येत नाही तो अजय्य, संपवता येत नाही ते अक्षय्य. इंग्रजीला ‘एबल’ म्हणून आख्खं शेपूट जोडावं लागतं, तेच काम संस्कृतने एका जादा ‘य’वर भागवलं. म्हणून सणाच्या नावात ‘अक्षय्य तृतीया’ असा जोड-य जास्त अर्थपूर्ण. ऊर्जेच्या नावात ‘अक्षय’च रूढ झालंय, ते बदलायला जाऊ नका.

५. आमच्या पुस्तकात ‘अपारंपरिक ऊर्जा’ आहे. तीच का ही?

बरीचशी तीच. १९९२ साली केंद्रात जे मंत्रालय झालं त्याचं नाव ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ असं होतं, २००६ मध्ये ते बदलून आजचं नाव आलं. राज्याच्या कारभारात मात्र ‘अपारंपरिक’ अजून ठाण मांडून आहे.

मला हा शब्द कधीच पटला नाही. गोवरी, लाकूड, शिडाचं गलबत, उन्हात वाळवलेले पापड, यापेक्षा परंपरा ती काय असते? एकोणिसाव्या शतकातच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात मैल्यापासून गॅस तयार करत होते. उलट तारापूरची अणुभट्टी १९६९ची, म्हणजे गोवरीच्या चुलीपेक्षा कितीतरी ‘अपारंपरिक’, पण ती या यादीत नाही (प्रश्न ९). शब्द घडला तो वीज खात्याच्या नजरेतून: कोळसा आणि मोठी धरणं ही त्यांची परंपरा, बाकी सारं परंपरेबाहेरचं.

जाता जाता: ‘अपारंपारिक’ हे चूक. परंपरा + इक = पारंपरिक. दुसऱ्या ‘प’ला काना नाही.

६. कोळसासुद्धा झाडांपासूनच झाला आणि आजही कुठेतरी होत असेल. मग तो नवीकरणीय का नाही?

मला आलेल्या प्रश्नांतला हा सगळ्यांत चांगला, एका आठवीतल्या मुलीचा.

बरोबर आहे तिचं. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची झाडं. दलदलीत पडून, गाळाखाली दबून, तापून झालेली. तसं आजही कुठे होत असेल. पण आपण जाळतो कोणत्या वेगाने आणि ते तयार होतं कोणत्या वेगाने, हे पाहायचं. एका पावसाळ्यात भरणारी गोष्ट माणसाच्या हिशोबात बसते. कोटी वर्षांनी भरणारी बसत नाही.

म्हणजे ‘नवीकरणीय’ हा वस्तूचा रंग किंवा वास यांच्यासारखा अंगभूत गुण नाही. उपसा आणि भरणा यांचं ते गणित आहे. पुढच्या प्रश्नांपैकी निम्म्यांचं उत्तर याच वाक्यात आहे.

७. मग लाकूड आणि लोणारी कोळसा? ते तर झाडच.

झाड पुन्हा लावलं आणि वाढू दिलं तर नवीकरणीय, नाहीतर नाही. कुंपणाच्या सुबाभळीच्या फांद्या दरवर्षी छाटून चूल पेटवणारं घर नवीकरणीय इंधनावर चालतं. डोंगर बोडका करून भट्ट्या लावणारा नाही, जरी दोघं लाकूडच जाळत असले तरी. आणि नवीकरणीय आहे म्हणून धूर कमी होत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांना लाकूड कुठल्या वर्गवारीतलं आहे याने काही फरक पडत नाही.

८. कोयनेची वीज नवीकरणीय धरायची का? एका पुस्तकात ‘हो’, दुसऱ्यात ‘नाही’ लिहिलंय.

दोन्ही पुस्तकं आपापल्या काळात बरोबर असतील. छापल्याचं साल बघा.

आधी भारतात २५ मेगावॉटपर्यंतचे लघु जलविद्युत प्रकल्पच नवीकरणीय धरत. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही त्यात घेतलं. पाणी तेच, टर्बाइन तेच, पण वर्गवारी एका निर्णयाने बदलली. त्यामुळे १,९६० मेगावॉटची कोयना आज नवीकरणीयमध्ये मोजतात. इथे एक पोटकलम आहे. वीज वितरण कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात जलविद्युत घेण्याचं जे बंधन आहे, त्यात ठरावीक तारखेनंतर सुरू झालेल्या प्रकल्पांचीच वीज मोजली जाते. जुनी कोयना आकडेवारीत आत आणि या बंधनाच्या हिशोबात बाहेर, असं होतं.

कोयनेचं आणखी एक सांगायलाच हवं, कारण ‘नवीकरण’ म्हणजे काय ते याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). पण वीज करून पश्चिमेकडे, म्हणजे वाशिष्ठीत आणि तिथून अरबी समुद्रात सोडायला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीच ठरवून दिलं आहे, कारण ते पाणी मुळात पूर्वेला वाहणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातलं. हे वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. उन्हाळ्यात विजेची मागणी शिगेला असताना धरणात पाणी शिल्लक असलं तरी कोटा जपून वापरावा लागतो. १ जूनला कोटा नवा होतो. पाऊस त्या दिवशी येतोच असं नाही.

९. अणुऊर्जा नवीकरणीय आहे का? ‘५०० गिगावॉट’मध्ये ती धरतात म्हणे.

नाही. युरेनियम खाणीतून काढावं लागतं, ते वापरलं की गेलं. पण अणुभट्टीतून कार्बन वायूंचा धूर निघत नाही, म्हणून ती ‘जीवाश्मेतर’ (कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू सोडून बाकी सगळं) या मोठ्या टोपलीत येते.

भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर केलेलं २०३० पर्यंतचं ५०० गिगावॉटचं उद्दिष्ट ‘जीवाश्मेतर’ क्षमतेचं आहे, ‘नवीकरणीय’चं नाही. बातम्या देताना या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते. परीक्षेत मात्र नेमका हाच पर्याय चकवायला दिलेला असतो.

दुसरा चकवा: क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी जीवाश्मेतर झाली. याचा अर्थ निम्मी वीज तिथून आली असा होत नाही. सौर पॅनेल रात्री झोपतं, कोळशाचा संच रात्रपाळीही करतो. मेगावॉट (क्षमता) आणि युनिट (प्रत्यक्ष तयार झालेली वीज) यांत गल्लत करू नका.

१०. बगॅसची वीज आणि इथेनॉल? आमच्या कारखान्याच्या पाटीवर ‘हरित ऊर्जा’ लिहिलंय.

बगॅस, म्हणजे रस काढून उरलेली चिपाडं, नवीकरणीय इंधनच आहे. ऊस दरवर्षी येतो, चिपाडंही दरवर्षी येतात. यात नवंही काही नाही. गुऱ्हाळावर पूर्वापार हेच चालतं. घाण्यातून बाहेर पडलेली चिपाडं अंगणात वाळत टाकायची आणि तीच चुलवाणात सारून काहील तापवायची. रस उसाचा, जाळही उसाचाच. गुळव्याला बाहेरून सरपण आणावं लागत नाही. कारखान्यातली सहवीजनिर्मिती हे त्याचं मोठं रूप: बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवते, तीच पुढे रस आटवते, आणि उरलेली वीज विकली जाते.

इथेनॉल मळीपासून, रसापासून, मक्यासारख्या धान्यापासूनही करतात, आणि पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्यापर्यंत आपण २०२५ मध्ये पोहोचलो. तेही नवीकरणीय. पण पिकाला घातलेला युरिया नैसर्गिक वायूपासून झालेला, ट्रॅक्टरमधलं डिझेल खनिज तेलाचं, आणि उसाला लागणारं पाणी कुठून येतं ते प्रश्न १२मध्ये. इंधन नवीकरणीय आहे, त्याचा सगळा प्रवास तसा नाही, एवढंच म्हणायचंय. पाटी खोटी नाही, पण सगळं सांगतही नाही.

११. हायड्रोजन, बॅटरी, ई-गाडी, कचऱ्याची वीज: यातलं काय नवीकरणीय?

हायड्रोजन आणि बॅटरी ही साठवायची भांडी आहेत. त्यांत काय ओतलं यावर नाव ठरतं. सौर किंवा पवनविजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन ‘हरित’. भारताने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेलं अभियान याच हायड्रोजनचं आहे. नैसर्गिक वायूतून काढलेला तसा नव्हे. ई-गाडीचंही हेच, तिला चार्ज करणारी वीज कुठली ते विचारा.

याच जातीचा एक प्रकल्प आपल्याकडे आहे. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प, २५० मेगावॉटचा. वीज स्वस्त असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, महाग असते तेव्हा तेच खाली सोडून वीज करायची. यात जितकी वीज मिळते त्याहून जास्त खर्च होते. तो वीज पिकवत नाही, साठवतो. नाव जलविद्युत असलं म्हणून लगेच नवीकरणीय म्हणू नका.

कचऱ्यापासूनची वीज भारत सरकार नवीकरणीयमध्ये मोजतं. ओल्या कचऱ्यापुरतं ते रास्त आहे. पण त्यात जळणारं प्लास्टिक हे शेवटी खनिज तेलच.

१२. पाणी नवीकरणीय आहे असं शिकवतात. मग आमची बोअर दोनशे फुटांवरून सहाशेवर का गेली?

कारण प्रश्न ६मधलं गणित: उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला.

राज्याचा बराचसा भाग, ८० टक्क्यांहून जास्त, काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. हा खडक स्पंजासारखा पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये. जुनी विहीर या थरातून भरायची. संध्याकाळी मोटर लावून तळ दिसू लागला की बंद करायची, पहाटे डोकावलं की पाणी चढलेलं असायचं, पहिली पायरी भिजलेली. माझे आजोबा मोटर चालू करण्याआधी रोज त्या पायरीकडे बघायचे. तेच त्यांचं मीटर. पायरी कोरडी असली तर त्या दिवशी भिजवणं नाही.

खोल बोअर मात्र कधीकधी भेगेत साठलेल्या जुन्या पाण्याला हात घालते. तिथे पावसाचं पाणी पोहोचायला वर्षानुवर्षं लागतात, किंवा ते पोहोचतच नाही. पुस्तकात दोन्ही ‘भूजल’. पण एक दरवर्षी भरतं, दुसरं एकदाच मिळतं. सरकारी मोजणीत ज्या पाणलोटाचा उपसा वार्षिक भरण्याच्या १०० टक्क्यांपुढे गेलाय त्याला ‘अतिशोषित’ म्हणतात. त्या पाणलोटात पाणी कागदावर नवीकरणीय आहे.

१३. रिन्यूएबल, रिसायकलेबल, सस्टेनेबल, ग्रीन, क्लीन: सगळं एकच ना?

नाही. अॅल्युमिनियमचं भांडं वितळवून पुन्हा भांडं होतं, ते पुनर्चक्रीय, पण बॉक्साइट पुन्हा उगवत नाही, म्हणून नवीकरणीय नाही. केळीचं पान नवीकरणीय, पण जेवण झाल्यावर त्याचं पुन्हा पान होत नाही. ‘स्वच्छ’ हे धुराबद्दल आहे. अणुऊर्जा त्या अर्थाने स्वच्छ आणि नवीकरणीय नाही, चूल नवीकरणीय आणि स्वच्छ नाही. ‘शाश्वत’ सगळ्यांत मोठा शब्द, त्यात निसर्गाबरोबर माणसं आणि पैसाही येतो. ‘हरित’ला एकच पक्की व्याख्या नाही, म्हणूनच जाहिरातवाल्यांचा तो लाडका.

१४. छतावर सोलर बसवलं की घर शंभर टक्के रिन्यूएबलवर चालतं का?

महिन्याच्या हिशोबात चालू शकतं, रात्री आठ वाजता नाही. आपल्याकडे एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला ढोबळमानाने ४ युनिट देतं. दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, रात्री ग्रिडमधून येते, नेट मीटर वजाबाकी करतो. रात्री येणारी वीज कोळशाचीही असते. तारेतल्या विजेला जात-गोत नसतं, हिशोब कागदावरच होतो.

केंद्राच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरलं. ज्यांना छत नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये युनिटमागे ६६ पैसे (तेव्हाचा दर) जादा भरून सगळी वीज नवीकरणीय घेण्याची मुभा दिली. वीज त्याच तारेने येते. तुमच्या नावावर तेवढी नवीकरणीय वीज खरेदी झाली, असा त्याचा अर्थ.

आणि हो, ऊन नवीकरणीय आहे, पॅनेल नाही. काच, अॅल्युमिनियम, सिलिकॉन. कंपन्या साधारण २५ वर्षांची हमी देतात, ते संपल्यावर भंगाराचा प्रश्न आहेच.

१५. आरोग्य विम्यावर ‘लाइफलाँग रिन्यूएबल’ लिहिलंय. म्हणजे आता चिंता नाही?

हा प्रश्न यायला मीच थोडी कारणीभूत आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं माहितीपत्रक मराठीत करताना मी ‘आजीवन चालू राहणारी’ असं लिहून बसले. छापून झाल्यावर एका गृहस्थांचा फोन आला, ‘मग हप्ता कशाला मागताय?’ ते बरोबर होते, मी चूक. म्हणायला हवं होतं ‘आजीवन नूतनीकरण करता येणारी’.

पॉलिसी आपोआप चालू राहत नाही, ती दरवर्षी चालू ठेवण्याचा हक्क तुम्हाला असतो. आदल्या वर्षी दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. माहिती लपवली किंवा फसवणूक केली तर नाकारू शकते. हप्ता मात्र तोच राहील असं यात कुठेही म्हटलेलं नाही. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरलात तर काही आजारांना संरक्षण मिळण्याआधी जी काही वर्षं थांबावं लागतं, ती आधीची प्रतीक्षा वाया जात नाही, पण मधल्या दिवसांत दवाखान्यात जावं लागलं तर साधारणपणे संरक्षण नसतं.

१६. पासपोर्ट रिन्यू करायचाय. त्याला नूतनीकरण म्हणायचं ना?

बोलताना म्हणा. अर्जात मात्र ‘रिन्यू’ हा पर्याय शोधू नका. तिथे ‘रीइश्यू’ असतं, म्हणजे पुन्हा जारी करणं. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा. तो संपल्यावर जुन्याची मुदत वाढत नाही, नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका मिळते. काटेकोर अर्थाने भारतीय पासपोर्ट नवीकरणीय नाहीच.

वाहन परवान्याचं खरंच नूतनीकरण होतं. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. म्हणजे एक वर्षापर्यंत ते नूतनीकरण, त्यापुढे परीक्षेला बसा.

१७. भाडेकरार ११ महिन्यांचा ‘रिन्यूएबल’ आहे. बाराव्या महिन्यात आपोआप वाढला असं समजायचं?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ११ महिन्यांचा असला तरी. ‘११ महिन्यांना नोंदणी लागत नाही’ ही समजूत इतर राज्यांतून आलेली, आपल्याकडे ती चालत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ‘रिन्यूएबल’ लिहिलं असलं तरी मुदत संपली की नवा करार, नवं मुद्रांक शुल्क, पुन्हा अंगठा. मराठी मसुद्यात मी ‘उभयतांच्या संमतीने नूतनीकरण करता येईल’ असं लिहिते. ‘उभयतांच्या’ हा शब्द गाळला की भांडण ठरलेलं.

१८. जमिनीचा जुना भाडेपट्टा आहे, ‘मुदतीनंतर नूतनीकरण करण्यात येईल’ असं लिहिलंय. किती वेळा?

इतकंच लिहिलं असेल तर सर्वसाधारणपणे एकदा. कायमच्या नूतनीकरणाचा हक्क द्यायचा असेल तर तो स्पष्ट शब्दांत हवा, मोघम वाक्यातून तो काढता येत नाही, असाच अर्थ न्यायालयं लावत आली आहेत. पट्ट्यात ‘त्याच अटींवर’ हे शब्द आहेत का तेही बघा. असले तर नव्या पट्ट्यातही नूतनीकरणाचं कलम पुन्हा यायचं का, यावर वकील लोक तासभर बोलू शकतात. मूळ पट्टा इंग्रजीत असेल तर भाषांतर करून घेण्याआधी मूळच वकिलाला दाखवा. मी केलेल्या मराठीवर दावा लावू नका.